जवळ कोण राहतं?

२००८ साली अमेरिकी मरीन दलाची एक बटालियन अफगाणिस्तानातल्या हेल्मंड प्रांतात उतरली. नाव सेकंड बटालियन, सेव्हन्थ मरीन्स. मूळ ठाणं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं ट्वेन्टीनाइन पाम्स. त्यांना सांगितलेलं काम होतं अफगाण पोलिसांना शिकवायचं. प्रत्यक्षात वाट्याला आली ती रोजची लढाई. मुलूख अफाट, माणसं तुटपुंजी. आपल्याला वरचे लोक विसरले आहेत, अशी भावना जवानांत इतकी पसरली की ‘विसरलेली बटालियन’ हे टोपणनावच त्यांना चिकटलं. वीस जण तिथंच मारले गेले. उरलेले घरी परतले, बहुतेकांनी यथावकाश नोकरी सोडली आणि देशभर पांगले.

मग अंत्यविधींची रांग लागली. साधारण बाराशे जणांच्या या बटालियनमधल्या किमान १३ जणांनी २०१५ पर्यंत आत्महत्या केली होती. त्या वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं ही हकिकत पहिल्या पानावर छापली, तेव्हा वाचकांना आकड्याचा धक्का बसला. पण त्या बातमीत आणखी एक गोष्ट होती आणि खरं तर तीच जास्त लक्षात ठेवण्यासारखी. सोबत्यांनी स्वतःच एकमेकांना वाचवायचं काम अंगावर घेतलं होतं.

अडचण फार साधी होती. मध्यरात्री कुणीतरी फेसबुकवर निरवानिरवीची भाषा लिहायचा. हजार मैलांवर बसलेला सोबती ती वाचायचा, फोन लावायचा, फोन उचलला जायचा नाही. आणि मग त्याच्या लक्षात यायचं, की ज्याच्या शेजारी आपण महिनोन्महिने खंदकात झोपलो, तो आता कुठल्या गावात राहतो हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. पोलिसांना कळवायचं तरी पत्ता हवा. त्यातून या मंडळींनी इंटरनेटवर एक तक्ता तयार केला. कोण कुठं राहतो, त्याचा फोन नंबर काय, एवढंच त्यात. कुणी अडचणीत आहे असं कळलं की तक्ता उघडायचा, त्याच्या सगळ्यात जवळ राहणारा शोधायचा आणि त्याला गाडी काढायला सांगायचं. यातलं कुणी डॉक्टर नव्हतं, मानसोपचाराचं शिक्षण कुणाचं झालेलं नव्हतं. कित्येक जण स्वतःच त्रासात होते. तरीही दार वाजवायला तेच जात.

याच बटालियनमध्ये क्ले हंट नावाचा एक तरुण होता. इराकमध्ये २००७ साली त्याच्या मनगटाला गोळी लागली; बरा होऊन तो पुन्हा सैन्यात रुजू झाला, नेमबाजाचं प्रशिक्षण घेतलं आणि हेल्मंडलाही गेला. घरी आल्यावर तो मुळीच एकटा पडलेला, कोपऱ्यात बसलेला माणूस नव्हता. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा त्याचा सोबती जेक वुड आणि विल्यम मॅकनल्टी यांनी काही माजी सैनिक आणि डॉक्टर गोळा करून तिकडे धाव घेतली. त्यातून ‘टीम रूबिकॉन’ ही आपत्तीत मदत करणारी संस्था उभी राहिली. क्ले हैतीला गेला, पुढे चिलीच्या भूकंपातही गेला. माजी सैनिकांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून बनवलेल्या एका जाहिरातीतही तो दिसला होता. वॉशिंग्टनला जाऊन खासदारांच्या दारात उभं राहणाऱ्यांतही तो होता. ३१ मार्च २०११ रोजी ह्यूस्टनमधल्या आपल्या घरात त्यानं जीव संपवला. वय २८.

दफनविधीला जमलेल्यांना एक गोष्ट तिथं कळली आणि ती त्यांना फार लागली. क्लेबरोबर लढलेले काही मरीन त्याच्या घरापासून थोड्याच मैलांवर राहत होते. ना त्यांना ते माहीत होतं, ना त्याला. मॅकनल्टी आणि त्याच्या मित्रांनी पुढे माजी सैनिकांना आसपासचे सोबती नकाशावर दाखवणारं एक मोबाइल ॲप काढलं, त्यामागे हीच बोच होती.

क्लेची आई सुझन सेल्की यांनी २०१४ साली सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांची वेळ मिळवताना मुलाची झालेली दमछाक त्यांनी सांगितली. अपंगत्वाच्या दर्जासाठी त्यानं केलेलं अपील त्याच्या मृत्यूनंतर पाच आठवड्यांनी मंजूर होऊन आलं, हेही सांगितलं. त्यावर कुणी काय बोलणार! तरीही माजी सैनिकांच्या आत्महत्या रोखण्यासाठीचं विधेयक त्या डिसेंबरात सिनेटमध्ये एका सदस्यानं खर्चाच्या मुद्द्यावर अडवलं. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, तेच विधेयक सिनेटनं ९९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलं आणि १२ तारखेला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यावर सही केली. कायद्याला क्ले हंटचं नाव आहे. मानसोपचारतज्ज्ञांच्या शिक्षणाचं कर्ज फेडून त्यांना माजी सैनिक खात्यात आणायचं, कार्यक्रमांचं दरवर्षी बाहेरच्या तज्ज्ञांकडून मूल्यमापन करायचं आणि सैन्यातून बाहेर पडणाऱ्यांना माजी सैनिकांचीच सोबत मिळवून द्यायची, अशा त्यातल्या तरतुदी.

अमेरिकेत या विषयावरचे कायदे वाचताना एक गोष्ट अंगावर येते. कित्येकांना माणसांची नावं आहेत आणि ती मेलेल्यांची आहेत. २००७ चा कायदा जोशुआ ऑमविग या आयोवातल्या बावीस वर्षांच्या राखीव सैनिकाच्या नावाचा. २०२० चा जॉन स्कॉट हॅनन या नौदल अधिकाऱ्याच्या नावाचा, आणि त्याच कायद्यातली अनुदान योजना पार्कर गॉर्डन फॉक्स या पंचवीस वर्षांच्या सार्जंटच्या नावाची. प्रत्येक नावामागे एक कुटुंब आहे, ज्यानं तेरावं उरकून गप्प बसायचं नाकारलं.

आता आकड्यांकडे वळू, कारण या विषयात आकड्यांनी भलं केलं तसं नुकसानही केलं आहे. २०१३ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानं एक अहवाल काढला. त्यात रोज साधारण २२ माजी सैनिक आत्महत्या करतात असा अंदाज होता. तो २१ राज्यांच्या मृत्युदाखल्यांवरून बांधलेला होता आणि त्यातले बहुसंख्य मृत पन्नाशीच्या पुढचे होते. लोकांच्या डोळ्यांसमोर मात्र इराक-अफगाणिस्तानातून परतलेला पंचविशीतला तरुण उभा राहिला. ‘२२’ हा आकडा टी-शर्टांवर आला, मोटारींच्या काचांवर आला, संस्थांच्या नावांत आला. २०१६ च्या सुमाराला बावीस दिवस रोज बावीस जोर मारतानाचे व्हिडिओ टाकायची लाट आली. जोर मारणाऱ्यांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण जोर मारून झाल्यावर किती जणांनी फोन उचलून जुन्या सोबत्याला “कसा आहेस रे?” विचारलं, हा प्रश्न उरतोच. शिवाय आत्महत्या म्हणजे सैनिकाच्या नशिबीच लिहिलेली गोष्ट, असं वारंवार ऐकवलं तर खचलेल्या माणसाला ती वाट आणखी ओळखीची वाटू लागते, हा तज्ज्ञांचा इशाराही आहेच.

सगळ्या राज्यांची माहिती जुळवून खात्यानं पुढे जास्त नेटके अहवाल काढले. २०२२ साली ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली, म्हणजे रोज साधारण १७ ते १८. इतर प्रौढांच्या मानानं प्रमाण बरंच जास्त. आणि या प्रकरणाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची ओळ पुढेच आहे: दगावलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोक त्या किंवा आदल्या वर्षात खात्याच्या दवाखान्याची पायरीच चढलेले नव्हते. सरकारनं कितीही चांगले डॉक्टर नेमले, तरी जो माणूस दवाखान्यात येतच नाही त्याच्यापर्यंत डॉक्टर पोचणार कसा? तिथं पोचतो तो शेजारी, भाऊ, चर्चमधला ओळखीचा, जुना हवालदार. किंवा बंदुका विकणारा दुकानदार.

दुकानदाराकडे येऊच. त्याआधी थोडं मागं जायला हवं, कारण ‘सोबत्यांनी सोबत्यांना सांभाळायचं’ ही कल्पना फेसबुकच्या काळातली नाही.

१९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले काही तरुण दर आठवड्याला एकत्र बसू लागले. युद्धाला विरोध करणाऱ्या माजी सैनिकांच्या संघटनेचं कार्यालय हीच बैठकीची जागा. सरकारी दवाखान्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ज्यांनी युद्धावर पाठवलं त्यांच्याचकडे मन मोकळं करायचं, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी रॉबर्ट जे लिफ्टन आणि खाइम शतान या दोन मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं खरं, पण अट घालून. इथं कुणी डॉक्टर नाही, कुणी पेशंट नाही. सगळ्यांनी सारखंच बोलायचं, प्रश्न सगळ्यांनाच विचारले जातील. लिफ्टन यांनी त्याआधी हिरोशिमातून वाचलेल्यांचा अभ्यास केला होता. या बैठकांत त्यांनी जे ऐकलं ते तेव्हाच्या मानसोपचाराच्या पुस्तकांत नव्हतं. शतान यांनी १९७२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहिला, पुढे दोघांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९८० साली अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत सूचीत आघातानंतरच्या त्या विकाराला जागा मिळाली. पीटीएसडी म्हणून आज जे नाव घरोघरी माहीत आहे, त्याच्या मुळाशी एका कार्यालयात सिगारेटी ओढत, भांडत बसलेली ही मंडळी आहेत.

त्याच बैठकांचा सरकारी अवतार म्हणजे १९७९ च्या कायद्यानं सुरू झालेली व्हेट सेंटरं. तेव्हा खात्याचे प्रमुख होते मॅक्स क्लेलँड. स्वतः व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावलेले. ही केंद्रं मुद्दामच रुग्णालयाच्या आवारात ठेवली नाहीत. बाजारपेठेत गाळा घ्यायचा, समुपदेशकांत माजी सैनिक जास्तीत जास्त ठेवायचे, इथली कागदपत्रं रुग्णालयाच्या नोंदींपासून वेगळी ठेवायची, असा शिरस्ता पडला. आज अशी सुमारे तीनशे केंद्रं आहेत. सरकारी योजनेनं लोकांच्या घरगुती उपायाची एवढी प्रामाणिक नक्कल केल्याची उदाहरणं कुठल्याही देशात फार सापडायची नाहीत.

फोनवरची मदत पुढे आली. २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनन्डेग्वा या छोट्या गावी माजी सैनिकांसाठी चोवीस तासांची हेल्पलाइन सुरू झाली. त्या केंद्रावरच्या माहितीपटाला २०१५ साली ऑस्कर मिळालं. २०२२ पासून अमेरिकेत ९८८ हा तीन आकडी नंबर फिरवायचा आणि १ दाबायचं, की माजी सैनिकांसाठी नेमलेलं माणूस बोलतं. जानेवारी २०२३ पासून आणखी एक सोय झाली. आत्महत्येच्या उंबरठ्यावरचा माजी सैनिक कुठल्याही रुग्णालयात, खासगीसुद्धा, जाऊ शकतो. तीस दिवसांपर्यंत दाखल राहण्याचा आणि नव्वद दिवसांपर्यंत बाहेरून उपचारांचा खर्च सरकार देतं. त्याची खात्यात नोंद आहे की नाही, हे आधी तपासत बसत नाहीत.

आता बंदुकीचं दुकान. अमेरिकेत माजी सैनिकांच्या आत्महत्यांपैकी दहात सातांहून अधिक बंदुकीनं होतात. तिथं बंदूक घरात असणं ही नवलाची गोष्ट नाही. सैनिकाच्या घरात तर नाहीच. “बंदुका काढून घ्या” असं म्हणणारा माणूस त्या घरात दुसऱ्यांदा पाऊल ठेवू शकत नाही. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक आणि बंदूकवाले यांच्यात कित्येक वर्षं संवादच नव्हता, तो यामुळेच.

तो सुरू झाला न्यू हॅम्पशर या लहानशा राज्यात. २००९ साली तिथल्या एका दुकानातून एका आठवड्याच्या आत तिघांनी बंदूक विकत घेतली आणि काही तासांतच तिघांनीही आत्महत्या केली. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दुकानाचे मालक राल्फ डेमिको यांना हे कळलं तेव्हा ते हादरले. त्यांनी दुकानातले कॅमेऱ्यांचे व्हिडिओ पुन्हा पाहिले. काही खटकण्यासारखं दिसलं असतं का, याचा शोध घेतला. इलेन फ्रँक या आरोग्य क्षेत्रातल्या बाई आणि हार्वर्डच्या कॅथरीन बार्बर त्यांना भेटल्या, आणि बंदुकीचे दुकानदार आणि आरोग्य कार्यकर्ते एका टेबलाशी बसले. त्यांनी कायद्याची मागणी केली नाही. दुकानदारांसाठी एक पानभर सूचना तयार केल्या: बंदुकांबद्दल काहीच माहिती नसलेलं, कुठली घ्यायची याचं सोयरसुतक नसलेलं, फारच घाईत असलेलं गिऱ्हाईक आलं तर थांबा, बोला, विक्री नाकारायचा तुम्हाला हक्क आहे. गिऱ्हाइकांसाठी भिंतीवर लावायला पोस्टर केलं.

बंदुका बाळगणाऱ्यांत सुरक्षिततेचे दहा नियम पाठ असतात. या मंडळींनी त्यात अकरावा घातला: घरातलं कुणी खचलेलं असेल तर बंदूक तात्पुरती घराबाहेर ठेवा. ही त्यांची कमाल. बाहेरून उपदेश करण्याऐवजी त्यांच्याच नियमावलीत एक ओळ वाढवली. पत्रकं राज्यभरच्या दुकानांना पाठवली आणि काही महिन्यांनी न सांगता जाऊन पाहिलं, तर जवळजवळ निम्म्या दुकानांत त्यातलं काहीतरी लावलेलं होतं. ज्या देशात या विषयावर दोन माणसांचं पटत नाही, तिथं निम्मं म्हणजे खूप झालं. पुढे हा प्रयोग इतर राज्यांनी उचलला. कोलोरॅडोत तर बंदूक काही काळ सांभाळायला तयार असलेल्या दुकानांचा आणि पोलीस ठाण्यांचा नकाशाच तयार झाला. लुइझियानात माजी सैनिकांशी चर्चा करून काही दुकानांनी अशीच सोय उभी केली. माजी सैनिक खात्यानं बंदूक उद्योगाच्या संघटनेशी हातमिळवणी करून गावागावांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. खातं आज मागेल त्या माजी सैनिकाला बंदुकीचं कुलूप फुकट देतं.

कुलूप लावून काय साधणार, असं वाटणं साहजिक आहे. ज्याला मरायचंच आहे तो काहीही करेल, हे वाक्य आपल्याकडेही चहाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत ऐकू येतं. ते चूक आहे, आणि किती चूक आहे हे मोजलं गेलं आहे. ह्यूस्टनमध्ये मरणाच्या दारातून परतलेल्या १५३ तरुणांशी संशोधक बोलले. ही मंडळी सैनिक नव्हती. निर्णय आणि कृती यांच्यात किती वेळ गेला, असं त्यांना विचारलं. जवळजवळ चौथा हिस्सा म्हणाला, पाच मिनिटांहून कमी. त्या लाटेतून जे वाचतात, त्यांच्यातले दहातले नऊ जण पुढे कधीही आत्महत्येनं मरत नाहीत. कुलूप, नाहीतर मित्राच्या घरी ठेवलेली बंदूक, ही त्या पाच मिनिटांसाठी असते. इस्रायली सैन्यानं २००६ मध्ये आठवडाअखेरीच्या सुट्टीत घरी जाणाऱ्या जवानांना हत्यार छावणीतच ठेवायला सांगितलं. आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि घट झाली ती मुख्यतः आठवडाअखेरीच्या आत्महत्यांत. आठवड्याच्या इतर दिवशी त्यांनी दुसरा मार्ग शोधला असंही दिसलं नाही.

या सगळ्या खटपटीत दोन अंतरं दिसतात. माणूस आणि मदत यांच्यातलं कमी करायचं, माणूस आणि हत्यार यांच्यातलं वाढवायचं. दोन्ही कामं करायला पदवी लागत नाही. त्या माणसाच्या जवळ राहणं आणि विचारायचं धाडस, एवढं लागतं.

धाडस हा शब्द जपूनच वापरला आहे. “तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?” हा प्रश्न मोठ्यानं विचारायला भल्याभल्यांची जीभ रेटत नाही. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल, ही भीती. अभ्यासांतून तसं दिसलेलं नाही. विचारल्यानं उलट मोकळं वाटतं असं आढळतं. अमेरिकी खात्याचं नागरिकांसाठीचं छोटं प्रशिक्षण याच प्रश्नाभोवती उभं आहे. खुणा ओळखायच्या, थेट विचारायचं, वाद न घालता ऐकून घ्यायचं, आणि मग एकट्याला न सोडता मदतीपर्यंत न्यायचं. चर्चमध्ये, कारखान्यांत, माजी सैनिकांच्या क्लबांत ते शिकवतात. अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची जुनी संघटना आपल्या सदस्यांना फोनची यादी घेऊन बसवते. भेटायचं, विचारायचं, पुन्हा फोन करायचा.

पत्रांची गोष्ट याहूनही साधी आणि कदाचित याहून विलक्षण. दुसऱ्या महायुद्धात जेरोम मोटो नावाच्या तरुण सैनिकाला एका फारशा ओळख नसलेल्या मुलीची पत्रं येत. त्यात तिची काही मागणी नसे, अपेक्षा नसे. पुढे मोटो सॅन फ्रान्सिस्कोत मानसोपचारतज्ज्ञ झाले आणि ती पत्रं त्यांच्या डोक्यातून गेली नाहीत. आत्महत्येच्या विचारांमुळे किंवा नैराश्यामुळे रुग्णालयात राहून आलेल्या, पण पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत चोवीस छोटी पत्रं पाठवली. तुमची आठवण आली, बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर दोन ओळी लिहा; असा मजकूर. उत्तर द्यायची सक्ती नाही, दवाखान्यात यायचा आग्रह नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या स्पष्टपणे कमी झाल्या.

माजी सैनिकांच्या हेल्पलाइननं २०२० पासून फोन करून गेलेल्यांना अशी पत्रं पाठवायला सुरुवात केली. एक लाखाहून जास्त लोकांवर त्याची रीतसर पाहणी झाली. पत्रावर डॉक्टरची सही असावी की माजी सैनिकाची, हेही तपासलं. आत्महत्येच्या प्रयत्नांत घट दिसली नाही, सही कुणाची यानंही फरक पडला नाही. पत्रं मिळालेले लोक उपचारांकडे मात्र जास्त वळले. निकाल असा अर्धामुर्धा आला याचं वाईट वाटतं, पण तो लपवला गेला नाही हे बरं. या क्षेत्रात दानशूरांच्या पैशावर चालणारे किती तरी उपक्रम आहेत. घोडेस्वारी, मासेमारीच्या सहली, गिर्यारोहण, कुत्री पाळणं. त्यांचा लाभ मोजायची तसदी फार थोड्यांनी घेतली आहे.

मॉन्टाना राज्यानं मोजण्यापेक्षा आधी गाठण्यावर भर दिला. मार्च २००७ मध्ये तिथला नॅशनल गार्डचा जवान क्रिस डेना यानं इराकहून आल्यावर आत्महत्या केली. कवायतीला येणं त्यानं बंद केलं होतं आणि गार्डनं ते शिस्तभंग म्हणून धरलं होतं. त्याचा सावत्र भाऊ मॅट कुंट्झ पेशानं वकील. त्यानं वर्तमानपत्रात लिहिलं, राज्यपालांच्या मागे लागला. राज्यानं पद्धत बदलली: युद्धावरून परतलेल्या प्रत्येकाची पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी मानसिक तपासणी. प्रत्येकाची, म्हणजे “मला काही झालेलं नाही” म्हणणाऱ्याचीही. सगळ्यांचीच होते म्हटल्यावर कुणाकडे बोट दाखवायचा प्रश्न राहिला नाही. पुढे हा नमुना देशभर लागू करायची तरतूद संरक्षण खात्याच्या कायद्यात आली. व्हिएतनामहून परतलेल्यांच्या १९८७ च्या सरकारी अभ्यासातही हेच दिसलं होतं, की सैन्य सोडल्यानंतरची पहिली पाच वर्षं सगळ्यात धोक्याची.

आणि पैसा? सार्जंट फॉक्सच्या नावाच्या योजनेतून सप्टेंबर २०२२ मध्ये ८० स्थानिक संस्थांना मिळून ५ कोटी २५ लाख डॉलर दिले गेले. खात्याच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम किरकोळ; पण सरकारनं प्रथमच कबूल केलं, की आपल्या दवाखान्याबाहेरचं काम दुसऱ्यांनी करायचं आणि त्याचे पैसे आपण द्यायचे.

मराठी वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल. आपल्याकडे घरोघरी बंदुका नाहीत, आणि अमेरिकेचे आकडे इथं लावणं चुकीचंच. पण सैनिक कमी वयात घरी येतो हे आपल्याकडे जास्तच खरं आहे. पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर आलेला हवालदार सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या कुठल्याही गावात भेटतो. त्याच्या हाताशी जवळ जवळ तितकंच आयुष्य उरलेलं असतं, आणि एटीएमच्या बाहेरची खुर्ची हे बहुतेकांचं पुढचं पद. २०२२ च्या अग्निपथ योजनेमुळे तर चार वर्षांनी सैन्याबाहेर पडणारी तरुण मुलं येऊ लागतील. प्रत्येक तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच पुढे कायम ठेवायचं, अशी ती योजना आहे.

१ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात टेलिमानस या राष्ट्रीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा खास लष्करी कक्ष सुरू झाला. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर सगळ्यांसाठीच आहे. दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. म्हणजे फोनची सोय झाली. अडतं ते फोन करायच्या आधी. माजी सैनिक कुठं कुठं येतो हे आपल्याला नेमकं माहीत आहे: हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत, किराण्यासाठी लष्करी कँटीनमध्ये, औषधासाठी माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) दवाखान्यात, कामासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. या चारही ठिकाणी खिडकीमागे बसलेला माणूस बऱ्याचदा स्वतःच माजी सैनिक असतो. नेहमी पहिल्या आठवड्यात येणारे सुभेदारसाहेब या महिन्यात आले नाहीत, हे सगळ्यात आधी त्याच्याच लक्षात येतं. त्याच्याकडे गावनिहाय नावं आहेत, नंबर आहेत. ट्वेन्टीनाइन पाम्सच्या पोरांना जो तक्ता रात्री जागून करावा लागला, तो इथं कँटीनच्या कार्डांच्या नोंदवहीत तयारच पडून आहे. “बरेच दिवसांत दिसला नाहीत, सुभेदारसाहेब. झोप लागते ना नीट?” असं विचारायला त्याला कुणी अजून शिकवलेलं नाही, आणि तसं विचारणं त्याच्या कामात धरलेलंही नाही.